मंदिराचा माईक उमेदवाराच्या हाती देऊ नका

प्रति,
अमेरिकेतील हिंदू मंदिरांचे विश्वस्त आणि मराठी मंडळांचे कार्यकारिणी सदस्य यांस,

स. न. वि. वि.

७ जुलै २०२५ रोजी टेक्ससच्या पूर्व जिल्ह्यातल्या फेडरल न्यायालयात आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय करखात्याने, एक संयुक्त अर्ज दाखल केला. नॅशनल रिलिजस ब्रॉडकास्टर्स ही ख्रिस्ती प्रसारकांची संघटना आणि टेक्ससमधली दोन चर्चेस यांनी आदल्या वर्षी आयआरएसवर खटला भरला होता. तो तडजोडीने मिटवावा, अशी दोन्ही बाजूंनी मिळून विनंती केली. आयआरएसने त्यात मान्य केलेली गोष्ट अशी: एखादं प्रार्थनास्थळ उपासनेच्या वेळी, आपल्या नेहमीच्या माध्यमांतून, आपल्याच भाविकांशी श्रद्धेच्या अंगाने एखाद्या उमेदवाराबद्दल बोललं, तर तो निवडणूक प्रचारातला हस्तक्षेप समजायचा नाही. घरातल्या माणसांनी उमेदवारांविषयी आपापसात बोलावं तसं ते समजायचं.

त्यानंतर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर जे फिरू लागलं ते तुम्हीही वाचलं असेल. ‘आता मंदिरातूनही नाव घेता येईल’, ‘चर्चवाले करतात, मग आपण का मागे राहायचं?’ मी व्यवसायाने हिशेबनीस आहे. न्यू जर्सीत राहतो आणि अशा संस्थांचे ताळेबंद, फॉर्म, पावत्या पाहायला बरीच वर्षं मदत करतो आहे. ज्यांना मी ओळखतो, ज्यांच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही, असे विश्वस्तही आता हा प्रश्न गंभीरपणे विचारू लागले आहेत. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे. माझी विनंती एवढीच की मंदिराचं आणि मंडळाचं व्यासपीठ, यादी, ईमेल, सभागृह, गुरुजींचा आशीर्वाद यांतलं काहीही कुठल्याही उमेदवारासाठी वापरू देऊ नका. आयआरएसने डोळेझाक केली तरीही. आणि एखाद्या कायद्यासाठी किंवा कायद्याविरुद्ध आवाज उठवायचा असेल तर तो उघडपणे, हिशेब दाखवून उठवा.

आधी करमुक्त संस्थांवर उमेदवाराच्या प्रचाराची ही बंदी आली कुठून ते पाहू, कारण तिच्याविषयी दोन्ही बाजूंनी बऱ्याच दंतकथा सांगितल्या जातात. जुलै १९५४ मध्ये टेक्ससचे सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी करकायद्याच्या भल्यामोठ्या विधेयकात एक छोटी दुरुस्ती सुचवली. सिनेटमध्ये तिच्यावर चर्चा झाली नाही. जॉन्सन तेव्हा पुन्हा निवडणुकीला उभे होते, आणि करमुक्त म्हणवणाऱ्या काही कडव्या उजव्या संस्था त्यांच्याविरुद्ध पत्रकं वाटत होत्या. जॉन्सन यांचा रोख त्या संस्थांवर होता. चर्चेस हे त्यांचं लक्ष्य असल्याचा पुरावा नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयझेनहॉवर यांनी, म्हणजे रिपब्लिकन अध्यक्षांनी, त्या कायद्यावर सही केली. आज करकायद्याच्या ५०१ सी ३ या कलमाखाली येणाऱ्या सगळ्या करमुक्त संस्थांना, म्हणजे चर्च, मशीद, सिनेगॉग, गुरुद्वारा, मंदिर, शाळा, इस्पितळं आणि आपली मंडळं यांना, ती बंदी लागू आहे: उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचारात भाग घ्यायचा नाही. हेतू राजकीय होता, हे खरं. पण सत्तर वर्षं ती टिकली यामागे आणखी मोठं कारण आहे, आणि ते हिशेबाचं आहे.

करमाफी म्हणजे काय, हे आपण पावती फाडताना विसरतो. २४ टक्क्यांच्या करपट्टीत असलेला, वजावटी तपशीलवार दाखवणारा देणगीदार मंदिराला १,००० डॉलर देतो तेव्हा त्याचा कर २४० डॉलरपर्यंत कमी होतो. त्याच्या खिशातून खरे गेले साधारण ७६०; उरलेला भार बाकीच्या करदात्यांवर गेला. मंदिराच्या जागेवर प्रॉपर्टी टॅक्स नाही. न्यू जर्सीत घर घेतलेल्या माणसाला हा आकडा किती मोठा असतो ते सांगायला नको. मंदिरापुढचा रस्ता, तिथे येणारी अग्निशमन गाडी, दिवाळीच्या रात्री वाहतूक सांभाळणारे पोलीस, हे सगळं आजूबाजूच्या घरांच्या करातून चालतं. त्या घरांत आपल्या उमेदवाराला मत देणारे आहेत, विरोधात देणारे आहेत, देव न मानणारेही आहेत. त्यांनी आपल्या पूजेचा, आपल्या मुलांच्या बालविहारचा, आपल्या अन्नदानाचा भार थोडा उचलला, कारण त्यातून समाजाचं भलं होतं असं या देशाने मानलं आहे. आपला उमेदवार निवडून आणायचा भार त्यांनी उचललेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये एका करमुक्त होऊ पाहणाऱ्या संस्थेच्या खटल्यात नेमकं हेच म्हटलं. करमाफी आणि देणगीवरची वजावट हे सरकारी अनुदानाचंच एक रूप आहे. बोलण्याचा हक्क सगळ्यांना आहे, पण त्या बोलण्याचा खर्च काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, उचललाच पाहिजे असा हक्क कुणाला नाही. निकाल एकमताने लागला होता.

मग ज्यांनी बंदी मोडली त्यांचं काय झालं? बहुतेकांचं काहीच नाही. १९९२ मध्ये निवडणुकीच्या चार दिवस आधी न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनजवळच्या एका चर्चने दोन राष्ट्रीय दैनिकांत पानभर जाहिरात दिली: ख्रिस्ती मतदारांनो, बिल क्लिंटन यांना मत देऊ नका. खाली लिहिलं होतं की या जाहिरातीसाठी करवजावटीस पात्र देणग्या आनंदाने स्वीकारल्या जातील. आयआरएसने १९९५ मध्ये त्या चर्चची मान्यता काढून घेतली आणि अपील न्यायालयाने २००० मध्ये ते कायम केलं. त्या जाहिरातीतली शेवटची ओळ मला या सगळ्या वादाचं मूळ वाटते: प्रचार आमचा, आणि त्याच्या खर्चात थोडा वाटा शेजाऱ्याचा.

त्यानंतर चित्र बदललं. २००८ मध्ये ३३ पाद्र्यांनी एकाच रविवारी जाणूनबुजून व्यासपीठावरून उमेदवारांविषयी प्रवचनं दिली. पुढच्या काही वर्षांत असे पाद्री हजाराच्या वर गेले, आणि कित्येकांनी आपल्या प्रवचनांच्या ध्वनिफिती स्वतःहून आयआरएसला पाठवल्या, की करा कारवाई. कारवाई झाली नाही. १९८४ च्या कायद्याने चर्चची चौकशी सुरू करायला एका वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी मंजुरी लागते. १९९८ मध्ये आयआरएसची पुनर्रचना झाली आणि ती मंजुरी देणारी जुनी पदंच गेली. २००९ मध्ये मिनेसोटातल्या न्यायालयाने सांगितलं की आता ज्याने सही केली तो पुरेसा वरिष्ठ नाही. तिथे सगळं थंडावलं. याउलट पॅसाडिनाच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये २००४ च्या निवडणुकीआधी इराक युद्धावर टीका करणारं एक प्रवचन झालं, त्यात कुणालाही मत द्या असं म्हटलेलं नव्हतं, तरी त्यांच्यामागे चौकशी लागली आणि ती २००७ पर्यंत चालली. एकाला सूट, दुसऱ्याला नोटीस. हा पक्षपात ज्यांना खुपतो त्यांच्याशी मी सहमत आहे. पण त्यावर उपाय म्हणून बंदीच सैल करायची हे मला पटत नाही.

आता लॉबिंगकडे येतो, कारण खरी ताकद तिथे आहे आणि आपण तिच्याकडे पाहतच नाही.

उमेदवाराच्या प्रचाराला पूर्ण बंदी आहे. कायदा व्हावा किंवा होऊ नये यासाठी आमदार-खासदारांवर दबाव आणायला मात्र परवानगी आहे, फक्त तो संस्थेच्या कामाचा ‘भरीव भाग’ असता कामा नये. ही अट १९३४ पासून आहे. भरीव म्हणजे किती, हे कायद्यात लिहिलेलं नाही. १९५५ मध्ये एका न्यायालयाने पाच टक्क्यांहून कमी वेळ भरीव नाही असं मानलं. १९७२ मध्ये दुसऱ्या न्यायालयाने टक्केवारीचं मापच नाकारलं. इतर धर्मादाय संस्थांना १९७६ पासून एक सोपा मार्ग मिळाला आहे: खर्चाच्या प्रमाणात डॉलरमध्ये ठरलेली मर्यादा स्वीकारा, ती दरवर्षी फॉर्म ९९० या आयआरएसच्या वार्षिक विवरणपत्रात दाखवा. चर्चेसना तो मार्ग नाही, आणि फॉर्म ९९० भरायचं बंधनही नाही. म्हणजे सर्वांत मोठ्या, सर्वांत श्रीमंत धर्मसंस्था कायदे घडवण्या-बिघडवण्यावर किती खर्च करतात हे फेडरल कागदपत्रांत दिसतच नाही. ही सवलत इतकी सोयीची आहे की वॉशिंग्टनमधल्या फॅमिली रिसर्च कौन्सिलने, म्हणजे ज्यांचं मुख्य कामच धोरणांवर दबाव आणणं आहे अशा संस्थेने, २०२० मध्ये आयआरएसकडून ‘चर्चेसचा संघ’ असा दर्जा मिळवला. २०२२ मध्ये पत्रकारांनी ते उजेडात आणलं. पंधरा-वीस वर्षं न चुकता ९९० भरणाऱ्या छोट्या मराठी मंडळाच्या खजिनदाराने या गोष्टीचा राग का मानू नये?

कॅलिफोर्नियात २००८ साली समलिंगी विवाह रोखणारी ‘प्रपोझिशन ८’ ही घटनादुरुस्ती मतदानाला आली. मॉर्मन चर्चच्या सर्वोच्च नेतृत्वाचं पत्र जूनमध्ये राज्यभरच्या सभांत वाचून दाखवलं गेलं: वेळ द्या, पैसा द्या. सदस्यांनी लाखो डॉलर दिले, दारोदार फिरले. दुरुस्ती ५२ टक्के मतांनी मंजूर झाली. पुढे न्यायालयांत ती टिकली नाही, तो वेगळा इतिहास. चर्चने स्वतः केलेल्या खर्चाचा काही भाग वेळेत जाहीर केला नव्हता; त्याबद्दल राज्याच्या आयोगाने २०१० मध्ये दंड केला, ५,५३९ डॉलर. एवढ्या मोठ्या मोहिमेपुढे हा आकडा पाहा. करमुक्तीला धक्का लागला नाही, कारण चर्चच्या एकूण कारभारात ही मोहीम ‘भरीव’ ठरणं शक्यच नव्हतं. संस्था जितकी मोठी, तितकी तिला मोकळीक जास्त, असा या नियमाचा उलटा परिणाम होतो.

आणि न्यूयॉर्क. हे उदाहरण मी कुणाही विश्वस्ताने वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये असं म्हणेन. लहानपणी लैंगिक अत्याचार झालेल्या माणसाला न्यूयॉर्क राज्यात दिवाणी दावा लावायला साधारण वयाच्या २३ व्या वर्षापर्यंतच मुदत होती. अशा माणसाला तोंड उघडायलाच तिशी-चाळिशी उजाडते, हे त्यांच्याबरोबर काम करणारा प्रत्येकजण सांगेल. मुदत वाढवणारं विधेयक दशकभराहून जास्त काळ अडून राहिलं. कॅथलिक बिशपांच्या राज्य परिषदेने, विमा कंपन्यांनी आणि अगुदाथ इस्रायल या सनातनी ज्यू संघटनेने त्याला विरोध केला. जुन्या प्रकरणांसाठी दाव्याची खिडकी उघडली तर डायोसिसं, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतले धर्मप्रांत, दिवाळखोरीत जातील, ही परिषदेची भीती होती. पीडितांच्या वकिलांनी २०१९ मध्ये काढलेल्या अहवालानुसार ईशान्येकडच्या आठ राज्यांत कॅथलिक चर्चने २०११ पासून लॉबिंगवर १ कोटी ६ लाख डॉलर खर्च केले होते. सरकारी शाळांनाही तोच नियम लावल्यावर परिषदेने जानेवारी २०१९ मध्ये विरोध सोडला, आणि विधेयक सिनेटमध्ये ६३ विरुद्ध ० असं मंजूर झालं. एकही विरोधी मत नाही! खिडकी ऑगस्ट २०२१ मध्ये बंद होईपर्यंत दहा हजारांहून अधिक दावे दाखल झाले. म्हणजे दहा हजारांहून अधिक माणसं तोपर्यंत वाट पाहत होती.

रविवारी पेटीत पैसे टाकणाऱ्या आजीने ते पैसे यासाठी दिले नव्हते. तिला कुणी विचारलंही नव्हतं. आपल्या दानपेटीतला पैसा कुठे जातो, कुणासाठी बोलतो, आणि ज्यांनी तो दिला त्यांना ते माहीत आहे का, या तीन प्रश्नांसाठी मी हे पत्र लिहितो आहे.

मला ठाऊक आहे, इथे तुम्ही काळ्या लोकांच्या चर्चेसचं नाव घ्याल, आणि घ्यायलाच हवं. बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा माँटगोमेरीचा बहिष्कार पुढे चालू ठेवायचा निर्णय ५ डिसेंबर १९५५ च्या रात्री होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये झाला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यासाठी मध्य-पश्चिमेतल्या गोऱ्या प्रॉटेस्टंट चर्चेसनी आपापल्या सिनेटरांवर पत्रांचा पाऊस पाडला, आणि ज्या राज्यांत काळे मतदार मोजकेच होते तिथले सिनेटरही त्यामुळे वळले. चर्चने तोंड बंद ठेवलं असतं तर तो कायदा झाला नसता, असं मला मनापासून वाटतं. धर्मसंस्थांनी अन्यायावर बोलू नये, असं मी म्हणत नाही. त्यांनी जे केलं ते दिवसाढवळ्या केलं, ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्या बाजूने केलं, आणि कायद्यासाठी केलं. क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाची फ्रेंड्स कमिटी १९४३ पासून वॉशिंग्टनमध्ये युद्ध आणि शस्त्रांविरुद्ध उघड लॉबिंग करते. त्या कामासाठी वेगळी संस्था आहे, तिला दिलेली देणगी करवजावटीस पात्र नाही, आणि शैक्षणिक कामाचा निधी निराळा आहे. हे सगळं कायद्यात बसतं. करायची तयारी हवी.

आणि आपलं माणूस म्हणेल: टिळकांनी गणपतीत राजकारण आणलंच की! आणलं, १८९३ मध्ये पुण्यात. योगायोगाने त्याच वर्षी ओहायोच्या ओबर्लिनमध्ये अँटी-सलून लीग जन्माला आली, चर्चेसच्या जोरावर दारूबंदीची घटनादुरुस्ती घडवून आणणारी. पण टिळकांच्या पुण्यात लोकांना राज्यकर्ते निवडण्याचा हक्क नव्हता आणि सभांवर सरकारची नजर होती. तिथे उत्सवाचा मंडप हेच बोलायचं ठिकाण होतं. इथे आपल्याला मत आहे, पक्ष आहेत, उमेदवारांसाठी निधी जमवणाऱ्या समित्या (पॅक) आहेत, टाउन हॉल आहे, स्वतःच्या अंगणात पाटी लावायची मुभा आहे. एवढी दारं उघडी असताना गाभाऱ्याच्या दारातूनच जायचा आग्रह कशासाठी?

आता आपल्या घरातलं, थोडं अवघड. २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत मूळच्या पुण्याच्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात एसबी ४०३ हे तशाच स्वरूपाचं विधेयक आलं, दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि ७ ऑक्टोबरला गव्हर्नर न्यूसम यांनी ते परत पाठवलं. प्रचलित कायद्यात असा भेदभाव आधीच बेकायदा आहे, असं त्यांनी कारण दिलं. हिंदू संघटनांनी विरोधात जोरदार मोहीम चालवली, आंबेडकरवादी आणि दलित संघटनांनी बाजूने. दोघांनाही तो हक्क होता. पण आपल्या मंडळांत, आपल्या मंदिरांच्या वर्गणीदारांत दोन्ही बाजूंची मराठी माणसं आहेत. १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालणारी कुटुंबंही त्याच पावतीपुस्तकात आहेत. ‘समाजाची भूमिका’ म्हणून संस्थेच्या लेटरहेडवर पत्र जातं तेव्हा त्या कुटुंबांना विचारलेलं असतं का? माझ्या पाहण्यातल्या एका संस्थेत असं पत्र गेलं, आणि बहुसंख्य सदस्यांना ते बाहेरच्यांकडून कळलं. त्या विधेयकाबद्दल माझं मत काय, हा इथे मुद्दा नाही. सभा घ्या, मतं मोजा, इतिवृत्तात नोंदवा, विरोधी मतही पत्रात लिहा. ते जमत नसेल तर संस्थेचं नाव वापरू नका. ज्यांना सही करायची त्यांनी स्वतःच्या नावाने करावी.

उमेदवाराच्या बाबतीत तर आपल्यासारख्या अल्पसंख्याकांना धोका आणखी आहे. १९९६ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या हसी लाई या बौद्ध मंदिरात उपाध्यक्ष अल गोर यांच्या उपस्थितीत कार्यक्रम झाला. भिक्षू-भिक्षुणींच्या नावाने पक्षाला देणग्या गेल्या आणि मंदिराने त्यांना ते पैसे परत केले. पुढच्या वर्षी भिक्षुणींना सिनेटच्या समितीपुढे साक्षीला बसावं लागलं, यादी आणि धनादेशांच्या नोंदींशी छेडछाड झाल्याचं त्यांना कबूल करावं लागलं. निधी गोळा करणारी मध्यस्थ २००० साली दोषी ठरली. अनेक वर्षं ‘ते बौद्ध मंदिर’ हा दोन्ही पक्षांच्या भांडणातला एक शब्द बनून राहिला. त्या भिक्षुणींना त्या गावात पुन्हा साधं नाव मिळवायला किती काळ लागला असेल, याचा विचार करा. आपले गुरुजी बहुतेक आर-१ या धर्मसेवकांसाठीच्या व्हिसावर आलेले असतात. त्यांना इथे मत नाही, निवडणुकीला देणगी देणं त्यांना बेकायदा आहे, आणि त्यांची नोकरी व व्हिसा दोन्ही तुमच्या हातात आहे. अशा माणसाला उमेदवाराच्या कपाळी टिळा लावून शेजारी उभं करणं, मग ते छायाचित्र प्रचारात फिरणं, हे त्यांच्यावर अन्यायकारक आहे. ते नाही म्हणू शकत नाहीत.

आयआरएसच्या त्या अर्जाची व्याप्तीही नीट वाचा. तो प्रार्थनास्थळांविषयी आहे, उपासनेच्या संदर्भात आहे, आपल्याच भाविकांशी बोलण्याविषयी आहे. महाराष्ट्र मंडळ हे प्रार्थनास्थळ नाही. गणेशोत्सव केला तरी नाही. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (बीएमएम) अधिवेशनात, शाळेच्या वर्षअखेरीच्या समारंभात कुणी उमेदवाराला मत द्या म्हटलं तर या अर्जाचा आधार मिळणार नाही. यूट्यूबवर थेट दाखवलेली आरती ‘आपल्याच भाविकांसाठी’ ठरेल का, याचंही उत्तर त्यात नाही. आणि अर्जाचं न्यायालयात काहीही होवो, काँग्रेसने केलेलं कलम जागच्या जागी आहे. उद्याचं सरकार ते पुन्हा काटेकोरपणे लावू शकतं. करकायद्याच्या कलम ४९५५ प्रमाणे राजकीय खर्चावर संस्थेला दहा टक्के अबकारी कर बसतो, आणि जाणूनबुजून मंजुरी देणाऱ्या विश्वस्ताला स्वतःच्या खिशातून अडीच टक्के, एका खर्चामागे ५,००० डॉलरपर्यंत. तुमच्या सहीला किंमत आहे.

२०१७ मध्ये ही बंदी काढून टाकायचा प्रयत्न झाला तेव्हा काँग्रेसच्या संयुक्त कर समितीने अंदाज केला की दहा वर्षांत २.१ अब्ज डॉलरचा महसूल बुडेल, कारण आज वजावट न मिळणाऱ्या राजकीय देणग्या धर्मसंस्थांमार्फत वजावट घेऊन येऊ लागतील. म्हणजे बडे देणगीदार मंदिराच्या दारात येतील, ते दर्शनासाठी आलेले नसतील. त्या वेळी चार हजारांहून अधिक धर्मगुरूंनी बंदी ठेवा असं काँग्रेसला लिहून दिलं होतं. आपल्या दारात कोण येणार आहे हे त्यांनी ओळखलं होतं.

आयआरएसच्याच २००७ च्या मार्गदर्शनात २१ उदाहरणं देऊन काय चालतं, काय नाही ते सांगितलं आहे. खजिनदाराने ते छापून कार्यालयात लावावं. मतदार नोंदणीचं टेबल लावा. सगळ्या उमेदवारांना बोलावून चर्चा घ्या, प्रश्न सर्वांना सारखे. महापौर किंवा काँग्रेसमन गणपतीला आले तर प्रसाद द्या, स्वागत करा, पण त्यांच्या उमेदवारीचा उल्लेख माईकवर नको आणि निधीचं पाकीट आवारात नको. हॉल भाड्याने द्यायचा तर सर्व पक्षांना एकाच दराने. विश्वस्त म्हणून तुम्हाला स्वतःचा पाठिंबा द्यायचा असेल तर घरून, स्वतःच्या नावाने, मंदिराचं पद खाली न लिहिता जरूर द्या. आणि मंदिरांना सक्ती नसली तरी फॉर्म ९९० भरा, किंवा निदान वार्षिक हिशेब सभासदांपुढे ठेवा, लॉबिंगसाठी एक डॉलर खर्च झाला असेल तर तोही.

न्यू जर्सीत दर नोव्हेंबरला कसली ना कसली निवडणूक असते, शाळा मंडळापासून गव्हर्नरपर्यंत. पितृपक्ष संपून नवरात्र लागलं की उमेदवारांचे फोन सुरू होतात. त्याआधी तुमच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव घ्या:

‘ही संस्था, तिचं व्यासपीठ, सदस्यांची यादी, संकेतस्थळ, समाजमाध्यमांवरील खाती, सभागृह आणि वेतनावरील पुजारी यांचा उपयोग कोणत्याही सार्वजनिक पदाच्या उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात केला जाणार नाही. विधेयकासंबंधी संस्थेची भूमिका सर्वसाधारण सभेच्या मतदानाशिवाय जाहीर होणार नाही, आणि त्यावरचा खर्च वार्षिक हिशेबात स्वतंत्र दाखवला जाईल.’

मी वर्गणीदार असलेल्या संस्थांकडे या ठरावाची प्रत सूचक म्हणून माझ्या सहीने पाठवली आहे. अनुमोदक तुमच्यातला हवा. सभेची तारीख कळवा, मी येतो. कलमं, आकडे, शंका, सगळ्यांची उत्तरं तिथे समोरासमोर देईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
न्यू जर्सीतला एक वर्गणीदार